आपल्या जागेतला माल

भाविकच्या पोटावर, बेंबीच्या दोन्ही बाजूंना, सुईचे बारीक ठिपके होते. नीट पाहिलं तरच दिसायचे. ते तिघांना माहीत होते. भाविकला, सुमितला आणि सुमितच्या आईला. भाविकच्या घरात कुणालाच नाही. भाविक जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि घरात ते अजूनही कुणाला माहीत नाही.

सुमित रोज सकाळी ठरवतो, आज केसरीनाथकाकांना सांगायचं. मग तो कामावर जातो, काम करतो, घरी येतो आणि जेवतो. जेवणाला चव लागते, याचं त्याला नवल वाटतं.

भाविक दापोड्याचा. केसरीनाथ आणि जानकीबाई यांचा एकुलता एक. दापोड्यात जिथे भात व्हायचा तिथे आता पत्र्याची गोडाऊनं आहेत. केसरीनाथांच्या जागेतही दोन आहेत, भाड्याने दिलेली. पण त्यांच्या तोंडी गोडाऊन हा शब्द येत नाही. एकाला ते मोठं खाचर म्हणतात, दुसऱ्याला विहिरीकडचं. "मोठ्या खाचरात आज चार कंटेनर आले," असं ते जेवताना सांगतात. सकाळी बांधावर फेरी मारावी तशी गोडाऊनभोवती फेरी मारतात. गेटवरचा वॉचमन उठून उभा राहतो. ते त्याला बसायला सांगतात आणि स्वतः त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसतात.

भाविकला एका जागी बसवत नसे. गावात कुणाचा सिलेंडर उचलायचा असो, कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असो, हा पुढे. आईला शब्द दिला होता म्हणून दारूला शिवायचा नाही. कॉलेजच्या कबड्डी संघात तो चढाईला जायचा आणि सुमित मैदानाच्या कडेला बसून गुण लिहायचा. तिथे त्यांची दोस्ती झाली. सुमित जवळच्या शेलार गावचा. मराठी घेऊन बी.ए. झाला आणि दोन वर्षं घरी बसला. मग भाविकनेच त्याला मोठ्या खाचरातल्या गोडाऊनात लावून दिलं. तिथे ऑनलाइन विकला जाणारा माल येतो. प्रोटीनचे डबे, कॅप्सूलच्या बाटल्या, वजन कमी करायच्या पावडरी. गिऱ्हाइकाने परत पाठवलेला माल तपासणं, हे सुमितचं काम.

गेल्या वर्षी मे महिन्यात भाविक वाळायला लागला. जिममधल्या पोरांना त्याचं कौतुक.

"काय कट आलाय भावा. कुठला डाएट?"

"आयच्या हातचा भात," भाविक म्हणायचा.

दोन महिन्यांत अकरा किलो गेले. तहान लागायची. उन्हाळा आहे, म्हणायचा. एक दिवस जिमच्या पायरीवर बसला तो उठेना. सुमितने त्याला बाईकवर मागे बसवून भिवंडीतल्या डॉक्टरांकडे नेलं. साखर पाचशेच्या वर निघाली.

"माझ्या बाबांना पण हाय," भाविक म्हणाला. "ते गोळी खातात."

"त्यांची वेगळी, तुझी वेगळी," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या अंगात इन्सुलिन तयार होतं. तुझ्यात ते बंद पडत चाललंय. तुला सुईच लागणार. आयुष्यभर. एक दिवससुद्धा चुकवायची नाही."

बाहेर आल्यावर भाविक बराच वेळ बाईकला किल्ली न लावता बसून राहिला.

"आयुष्यभर म्हंजे किती रे?"

"मला काय विचारतोस?"

"तू बी.ए. ना."

मग दोघंही हसले. तेव्हा हसू यायचं.

घरी सांगायचं नाही, हे भाविकने तिथेच ठरवलं. कोन गावच्या क्षितिजाचं स्थळ जमत आलं होतं. ती त्याला आवडली होती. आणि दापोड्यात सुई लागली म्हणजे माणूस संपला अशी समजूत. शेजारच्या बाळारामला सुई लागली आणि वर्षाच्या आत त्याचा पाय कापला. पाय आधीच सडला होता आणि सुई उशिरा लागली, हे कुणी लक्षात घेतलं नाही. लोकांनी सुई लक्षात ठेवली.

औषध थंड जागेत ठेवायला सांगितलं होतं. घरच्या फ्रिजमध्ये आई दिवसातून दहा वेळा हात घालणार. म्हणून इन्सुलिनची पेनं सुमितच्या घरी राहिली, शेलारला, फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खालच्या कप्प्यात. भाविक सकाळी सुमितला कामावर न्यायला यायचा आणि संध्याकाळी सोडायला यायचा. दोन वेळा सुई व्हायची. केसरीनाथ गेटवर बसून बघायचे.

"मालकाचा पोरगा नि कामगाराचा ड्रायव्हर," ते म्हणायचे. "उद्या बायकोला पन असाच सोडशील ना रं?"

"तिला चालत पाठवतो, बाबा."

सुमितची आई शैला अंगणवाडीत सेविका. भाविक तिच्या स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून शर्ट वर करायचा, टोचायचा, आणि मग तिच्या हातची भाकरी खायचा.

"बाळा, आईला सांगून टाक."

"सांगतो ना मावशी. लग्न झालं की पहिलं तेच."

कॅप्सूल आणल्या सुमितने. हे तो स्वतःला रोज एकदा सांगतो.

गोडाऊनचा नियम असा की ज्या मालाची मुदत तीन महिन्यांच्या आत संपते तो गिऱ्हाइकाला पाठवायचा नाही. तो जाळीच्या पिंजऱ्यात वेगळा काढायचा. पुढे तो नष्ट करायचा असतो. त्याआधी सुपरवायझर डोळेझाक करतो आणि कामगार एक-दोन डबे घरी नेतात. जुलैमध्ये पिंजऱ्यात काळ्या बाटल्या आल्या. द्राक्षाच्या बियांचा अर्क, आवळा, हळद, ग्रीन टी. वर लिहिलेलं, अँटिऑक्सिडंट, फिटनेससाठी आणि रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला मदत. सुमितने चार बाटल्या भाविकला दिल्या. सुईच्या जोडीला म्हणून दिल्या. तसं बोलूनही दाखवलं. निदान त्याला तसं आठवतं.

त्यातल्या दोन भाविकने वडिलांना दिल्या. दुसऱ्या दिवशी केसरीनाथांनी सुमितला गेटवर थांबवलं.

"शिकलेला हायस, सांग. हा अँटी का काय, म्हंजे काय?"

सुमितला शिफ्टची घाई होती. तो म्हणाला, "अंगाला आतून गंज धरू देत नाही, काका."

केसरीनाथांना ते पटलं. पत्रा, नांगराचा फाळ, होडीचे खिळे, गंज काय करतो हे त्यांना ठाऊक होतं. आठवडाभरात ते वाक्य गावात फिरलं. सुमितला तेव्हा बरं वाटलं होतं. आपलं एखादं वाक्य लोकांच्या तोंडी जावं, असं त्याला कॉलेजपासून वाटायचं.

आणि माल मोठ्या खाचरातून आलेला. केसरीनाथांना याहून वेगळी खात्री नको होती. त्या खाचरातला भात त्यांनी पन्नास वर्षं खाल्ला. त्याने कुणाला काही झालं नाही. पिंजऱ्यात बाटल्या येत राहिल्या आणि सुमित त्या त्यांना आणून देत राहिला. नवा भात निघाला की आधी बहिणीकडे, मग सोयऱ्यांकडे पाठवायचा, तशा त्यांनी बाटल्या पाठवल्या. शेजारी दिल्या. कोनला, होणाऱ्या सुनेच्या घरीसुद्धा पिशवीत घालून दोन नेल्या.

"बाजारचा न्हाय," ते सांगायचे. "आपल्या जागेतला माल हाय."

दिवाळीच्या सुमारास त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. सुमितने ते हसत हसत ऐकलं.

भाविकचं झालं असं, की ऑगस्टनंतर त्याची साखर खरंच उतरली. डॉक्टरांनी सुईचं प्रमाण निम्म्यावर आणलं. त्यांनी हेही सांगितलं, की सुई सुरू झाल्यावर सुरुवातीला असं होतं, शरीर थोडे महिने साथ देतं, मग सोडतं, फसू नको. सुमित शेजारच्या खुर्चीवर होता. त्याने हे ऐकलं. भाविकने निम्मं ऐकलं.

"बाबा बरोबर बोलतात," तो बाईकवर म्हणाला. "आपल्याच जागेतला माल लागू पडला."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"डॉक्टरला धंदा करायचाय."

मार्चमध्ये तो संध्याकाळचा यायचा बंद झाला. लग्नाची गडबड, म्हणाला. सकाळची सुई घ्यायचा. मीटरवर साखर बघायचं त्याने सोडून दिलं. एप्रिलमध्ये लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा सकाळचंही येणं थांबलं. सुमित रिक्षाने कामाला गेला. घरी येऊन त्याने फ्रिज उघडला. पेन जागेवर होतं.

फोनवर भाविक म्हणाला, "घर पाव्हण्यांनी भरलंय. निघताच येत न्हाय. कॅप्सूल डबल केल्यात."

"सुई घे, भाव्या."

"हो रे."

सुमितने फोन ठेवला. आईने विचारलं, काय म्हणाला. "घेतो म्हणाला," सुमितने सांगितलं.

हळदीच्या दिवशी दुपारी तो पेन खिशात घालून दापोड्याला गेला. स्टीलच्या छोट्या डब्यात बर्फ, त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पेन. मांडवाला उंबराची डहाळी बांधली होती. भाविक पाटावर बसला होता, अंगभर हळद, हातात लिंबू खोचलेली सुरी. हळद लागली की नवरदेवाने घर सोडून कुठे जायचं नाही, एकटं राहायचं नाही. भोवती बायका होत्या. लग्नाची गाणी म्हणणारी बायजाबाई धवलारीण त्याच्या शेजारी बसून गात होती. भाविकच्या पायाशी थंड पेयाच्या तीन रिकाम्या बाटल्या होत्या आणि चौथी तोंडाला होती.

सुमित वाकून म्हणाला, "आत चल. दोन मिनिटं."

"आता उठवत न्हाय मला."

"मी आणलंय. खिशात आहे."

"येडा हायस काय? इथं?" भाविकचे ओठ कोरडे पडले होते. "परवा सकाळी तुझ्याकडे येतो, क्षितिजाला घेऊन. तिला पण सांगतो. दोन दिवसांत मी काय मरतोय काय?"

बायजाबाईने गाणं थांबवलं. "ए पोरा, नवरदेवाच्या कानाला लागू नको. काय सांगाचा तो लगीन झाल्यावर सांग."

बायका हसल्या. सुमितही हसला. तो मागे सरकला. थोड्या वेळाने भाविकने मांडवाच्या मागे जाऊन उलटी केली. त्याच्या श्वासाला वास येत होता, पिकल्या फळासारखा, उग्र. जिमची पोरं खूष झाली.

"भावा, शेवटी घेतलीस ना. काकीला सांगू काय?"

"शप्पथ न्हाय घेतली," भाविक म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. ज्याने कधी घेतली नाही त्याने स्वतःच्या हळदीला घेतली, याचा सगळ्यांना आनंद होता. जानकीबाईंनी तेवढा राग गिळला. त्याला आतल्या खोलीत झोपवलं, उशाशी सुरी ठेवली आणि पोरांना सांगितलं, उतरेपर्यंत झोपू द्या. सुमित दारात उभा होता. डब्यातला बर्फ वितळून खिसा ओला झाला होता. त्याला वास ओळखता आला नाही. भाविकने खरंच घेतली असेल, असं त्यालाही वाटलं. खरं म्हणजे तसं वाटून घेतलं. मग तो घरी गेला.

सकाळी भाविक उठला नाही. श्वास खोल आणि भराभर चालला होता. केसरीनाथ, सुमित आणि एक चुलतभाऊ, तिघांनी त्याला गाडीत घातलं. अंगाला हळद तशीच होती. ठाण्याच्या इस्पितळात आत नेल्यावर सुमितने डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. किती महिन्यांची, कुठली सुई, किती दिवस बंद. त्याने ते हिंदीत सांगितलं. मराठीत त्याला जमलं नसतं.

त्याच वेळी बाहेरच्या काउंटरवर फॉर्म भरणाऱ्या मुलीने केसरीनाथांना विचारलं, "शुगर, बीपी काही आहे?"

"शुगर हाय," ते म्हणाले आणि स्वतःकडे बोट दाखवलं. "मना."

तासाभराने नर्स येऊन म्हणाली, इन्सुलिन सुरू केलंय. केसरीनाथांनी विचारलं, कुणाला? ती घाईत होती. त्याच रात्री, लग्न होऊन वरात परतायची त्या वेळेला, भाविक गेला. डॉक्टर म्हणाले, शुगरमुळे रक्तात आम्ल वाढलं, आणायला फार उशीर झाला. केसरीनाथ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"शुगर मना हाय," ते म्हणाले. "त्याला न्हाय."

डॉक्टरांनी सुमितकडे पाहिलं. सुमितने खाली पाहिलं. फरशीवर हळदीचे डाग होते.

तेराव्यानंतर क्षितिजाचा फोन आला. ती त्याच्याशी पूर्वी कधी बोलली नव्हती.

"त्यांना काही आजार होता का?"

"मला माहीत नाही," सुमित म्हणाला.

"आमच्या आत्याला तीस वर्षं सुई आहे. म्हणून विचारलं. त्या पण असाच श्वास घेत होत्या, सगळे सांगतात तसा, एकदा सुई चुकली होती तेव्हा. वाचल्या त्या." सुमितने फोन दुसऱ्या कानाला लावला. "बरं. ठेवते."

आज दुपारी वॉचमनने आत निरोप पाठवला, काका बोलावतायत. सुमित जेवणाच्या सुट्टीत गेटवर आला. केसरीनाथ खुर्चीवर बसले होते. दाढी वाढलेली. सदरा खांद्यावरून उतरत होता. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल होती.

"बस. वकिलाकडे जाऊन आलो. त्या इस्पितलावर केस करतो. तू व्हतास तिथं. तुला साक्ष द्यावी लागंल."

सुमित बसला. वॉचमन पाणी आणायला गेला.

"माझ्या तोंडानं मी बोललो, शुगर हाय. त्या पोरीनं माझी शुगर पोराच्या कागदावर लिवली. नि त्यांनी त्याला सुई दिली. बरा व्हता तो. प्यायला व्हता, उतरली असती." ते सावकाश बोलत होते, पाठ केल्यासारखं. "माझ्या तोंडानं गेला तो. रोज हाच येतो मनात."

वॉचमनने लिटरची बाटली आणून दिली. केसरीनाथांनी ती तोंडाला लावली आणि संपवली. मग म्हणाले, "आनखी आन रं." दुसरीही अर्धी संपवली. तोंड पुसलं.

"ऊन हाय," ते म्हणाले.

सुमित त्यांच्या मानेकडे बघत होता. सदऱ्याच्या गळ्यात दोन बोटं जातील एवढी जागा होती.

"काका, तुमच्या गोळ्या?"

"कसल्या?"

"डॉक्टरांच्या."

"त्या मी कवाच सोडल्या. तुज्या कॅप्सूल घेतो ना. जास्त घेतो आता."

"काका," सुमित म्हणाला, "सुई भाविकचीच होती."

केसरीनाथांनी मान वळवली.

"त्याला शुगर होती. तुमच्यासारखी नाही. वेगळी. गेल्या वर्षीपासून. सुई रोज घ्यायचा. ती बंद केली म्हणून झालं. तुमच्या बोलण्यानं काही झालं नाही. डॉक्टरांना मी सांगितलं होतं. केस उभी राहणार नाही."

त्याने एवढं सगळं एका दमात सांगितलं. आवाज त्याचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

एक कंटेनर आला, वॉचमनने गेट उघडलं, कंटेनर आत गेला, गेट बंद झालं.

"कुठं घ्यायचा?"

"आमच्या घरी."

"म्हंजे तुज्या आयला म्हाईत."

"हो."

"म्हंजे शेलारला म्हाईत. दापोड्याला न्हाय." केसरीनाथांनी फाइल बंद केली. "कुठं टोचायचा?"

"पोटाला."

"दुखायचा काय?"

"नाही. बारीक असते सुई."

"मंग का सोडली?"

सुमितने सांगितलं. साखर कशी उतरली, त्याला काय वाटलं, कॅप्सूल कशा दुप्पट केल्या. पिंजऱ्यातून बाटल्या कुणी काढल्या तेही सांगितलं. गंजाचं वाक्य आपण घाईत, मनाने केलं होतं, बाटलीवर तसं काही नव्हतं, आणि ते औषध नाही असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तेही त्याने वाचलं होतं.

केसरीनाथ ऐकत राहिले. त्यांनी हात उचलला तेव्हा सुमितला वाटलं, मारतील. त्याने चेहरा हलवला नाही. पण ते खुर्चीच्या हाताला धरून उठत होते. उठल्यावर थोडे झोकांडले. सुमितने दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"आज डॉक्टरकडे चला, काका. आत्ताच. मी घेऊन जातो."

"जाऊ. मना मरायचा न्हाय. तिच्या पाठी कोन हाय?" ते गोडाऊनच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "पन आधी घरी चल. हे तिला तू सांग. ती म्हंते, मी त्याला उतरंपर्यंत झोपू दिला, म्हनून गेला. मी म्हंतो, माझ्या तोंडानं गेला. दोघं आमी एकमेकाला समजावत बसतो. तू सांग तिला. मना न्हाय जमनार."

आत सुट्टी संपल्याची घंटा झाली. सुपरवायझरने दारातून हाक मारली. सुमितने हात हलवून नाही म्हटलं.

घर पाच मिनिटांवर होतं. दोघं रस्त्याच्या कडेने, सावली नव्हती तरी सावकाश चालले. केसरीनाथ वाटेत एकदाच बोलले, "तुज्या आयनं त्याला जेवायला घातला व्हता काय, सुईनंतर?"

"रोज. भाकरी."

"मंग ठीक," ते म्हणाले.

जानकीबाई ओटीवर सुकी मासळी निवडत होत्या. सुमितला बघून त्यांनी पदर सावरला आणि पाट पुढे सरकवला.

"आलास? जेवलास काय रं?"

केसरीनाथ खांबाला टेकून उभे राहिले.

"काकी," सुमित म्हणाला, "ते राहू द्या जरा. माझं ऐका."

त्यांनी हातातली मासळी सुपात ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं.